निवती-भोगव्याला घरगुती मुक्काम : खर्च नेमका कुठे होतो?

भोगवे, निवती, खवणे, कोंडुरा. कर्ली नदीच्या एका तीरावर देवबाग-तारकर्ली आणि तिथली गर्दी. दुसऱ्या तीरावर वेंगुर्ले तालुक्यातली ही गावं आणि त्यांचा शुकशुकाट. वर सडा, मध्ये घाटीचा रस्ता, खाली माडांची बाग आणि त्या बागेत कुणाच्या तरी राहत्या घराला जोडून काढलेल्या दोन-चार खोल्या. हॉटेलं मोजकीच, त्यामुळे पाठीवर सॅक टाकून येणाऱ्याने राहायचं ते असं घरगुतीच. फोन केला की पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात, खोली कितीला? खरं तर त्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात : गावात पोचायचं कसं आणि जेवणाचं काय. बजेट कोलमडतं ते या दोन ठिकाणी. खोली त्या मानाने स्वस्तच असते.

पुढचे दर अंदाजाचे आहेत. घर, गाव आणि हंगाम बदलला की तेही बदलतात, तेव्हा फोनवर खात्री करूनच निघा.

मुंबईहून रेल्वेने कुडाळला उतरायचं. स्लीपरला माणशी चारशेच्या आसपास, थ्री एसीला हजार-अकराशे. आरक्षण आता ६० दिवस आधीच सुरू होतं आणि कोकणच्या गाड्या सुट्टीच्या दिवसांत त्याच सकाळी भरतात. चिपीचा विमानतळ परुळ्याच्या हद्दीला लागून आहे, २०२१च्या ऑक्टोबरात सुरूही झाला. पण त्याच्या उड्डाणांचा नेम नाही, म्हणून आधी विमान बघा आणि मग खोली. खरा खर्च कुडाळ स्थानकाबाहेर उभा असतो. भोगवे किंवा निवतीपर्यंत रिक्षा एका खेपेला ८०० ते १,२०० रुपये घेते आणि परतीलाही तेवढेच. रिक्षावाल्याचं चुकतं असंही नाही, त्याला येताना रिकामं यावं लागतं. एसटीने हेच अंतर साठ-सत्तर रुपयांत होतं. महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, ७५च्या पुढे फुकट. अडचण वेळेची. या गावांना दिवसातून मोजक्याच गाड्या, त्यातली एखादी वस्तीची, म्हणजे रात्री गावात मुक्कामाला राहून सकाळी लवकर सुटणारी. या वेळा इंटरनेटवर शोधण्यापेक्षा ज्यांच्याकडे उतरणार त्यांनाच विचाराव्यात. घरातलं कुणी ना कुणी त्याच गाडीने बाजाराला जात असतं. मधला मार्गही आहे : परुळ्यापर्यंत एसटीने जायचं आणि तिथून पुढे रिक्षा, किंवा घरमालकाचा मुलगा दुचाकीवर न्यायला येतो. सॅक एकच असेल तर हा उत्तम.

खोलीचं सांगायचं तर पंख्याची, स्वतंत्र संडास-बाथरूमची साधी खोली दोघांना १,२०० ते १,८००. एसी असेल तर २,००० ते ३,०००. नाताळ ते नववर्ष, दिवाळीची सुट्टी, मे महिना आणि जोडून आलेले शनिवार-रविवार या काळात दीडपट-दुप्पट धरा. बहुतेक घरं दर खोलीचा सांगतात, माणसाचा नाही, त्यामुळे एकट्या भटक्याला दोघांचे पैसे पडतात. मधल्या वारी गेलात आणि नीट विचारलंत तर दोन-तीनशे सहज कमी होतात. शनिवारी विचारूच नका. तिसऱ्या माणसाला जादा गादीचे ३०० ते ५००.

काही घरं डोईमागे दर सांगतात : राहणं, चहा-नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण मिळून १,३०० ते १,८००. रोज मासे खाणाऱ्याला हा सौदा चांगला. शाकाहारी माणसाने मात्र खोली आणि जेवण वेगवेगळं लावून घ्यावं, नाहीतर दुसऱ्याच्या सुरमईचे पैसे आपण भरतो.

खोली ॲपवर बघा, फोटो बघा, लोकांनी काय लिहिलंय ते वाचा; पण घ्यायची ती फोन करून. त्यामागे कराचं गणित आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या घराला जीएसटीची नोंदणी लागत नाही, म्हणजे थेट घेतलेल्या खोलीवर कर नाही. तीच खोली ॲपवरून घेतली की कर ॲपने भरायचा असतो आणि तो तुमच्याच बिलात येतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला हा दर ५ टक्के झाला, आधी १२ होता. ॲपचं कमिशन असतं ते वेगळंच. उलट, कुणी थेट बिलावर जीएसटी लावला तर त्यावर नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. नसेल तर ती रक्कम द्यायचं कारण नाही.

आता जेवण. सकाळच्या चहाच्या वेळी घरातल्या काकी किंवा वहिनी विचारतात, "दुपारी जेवूक किती माणसां?" उत्तर तेव्हाच द्यायचं. त्यानंतर घरातला माणूस बंदरावर जातो, होडीत काय आलंय ते बघतो आणि तेवढंच आणतो. इथे फ्रीजर भरून ठेवलेला नसतो. बारा वाजता "आम्ही चौघं जेवणार" म्हटलंत तर मिळेल ती डाळ आणि अंडं. शाकाहारी ताट १५० ते २००, बांगड्याचं २०० ते २५०, सुरमईचं ३५० ते ४५०, पापलेटचं ४५०च्या पुढे. ताटात तळलेली तुकडी किती आणि आमटीत किती, जादा तुकडीचे किती, हे आधी विचारलं तर कुणाला राग येत नाही. खेकडे आणि मोठी कोळंबी वजनावर असतात, तेव्हा चुलीवर चढण्याआधी भाव ठरवा. बहुतेक भांडणं इथेच होतात. माझं मत विचाराल तर पापलेटचा हट्ट सोडावा. ज्या दिवशी रापणीला बांगडा किंवा तारली लागते, त्या दिवशी त्याच घरात तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं अर्ध्या पैशांत जेवता येतं आणि ते पापलेटहून सरस असतं. नाश्त्याला घावणे किंवा आंबोळी, ६० ते १००. सोमवारी, गुरुवारी, श्रावणात बऱ्याच घरांत मासळी शिजत नाही. दोनच दिवसांसाठी येणार असाल तर वार बघून या.

दोघांचा, दोन रात्रींचा हिशेब मांडू. रेल्वे स्लीपरने जाऊन-येऊन १,६००, रिक्षा २,०००, साधी खोली ३,६००, चार वेळचं जेवण माणशी ३०० धरून २,४००, नाश्ता ३२०, होडीतून डॉल्फिन बघायला इतरांबरोबर गेलात तर दोघांचे ७००. बेरीज १०,६२०. यात खोली फक्त तिसरा हिस्सा. रिक्षाऐवजी एसटी धरली तर सतराशे-अठराशे वाचतात, तेवढ्यात आणखी एक रात्र निघते.

हंगामाचं थोडं. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत पर्यटकांच्या होड्या बंद, जून-जुलैत यांत्रिकी मासेमारीलाही बंदी. खोल्या तेव्हा स्वस्त होतात, पण ताटात ताजा मासा क्वचित आणि वीज कधी जाईल सांगता येत नाही. गणपतीत फोन करूच नका. घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात, गाड्याही. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते. ती लागली की मालवणच्या बाजूला खोली आणि रिक्षा दोन्ही मिळणं मुश्कील.

आगाऊ रक्कम तीस ते पन्नास टक्के मागतात. रद्द केल्यास पैसे परत की पुढची तारीख, हे मेसेजवर लिहून घ्या. रोकड बरोबर असू द्या. घाटी उतरलं की रेंज जाते, यूपीआय फिरत बसतं आणि एटीएमसाठी पुन्हा वर यावं लागतं. परदेशी पासपोर्ट असलेला नातेवाईक बरोबर असेल तर आधी सांगा; त्याची माहिती घरमालकाला २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते आणि सगळ्यांनाच ते जमत नाही. गोव्याहून दारू आणायचा मोह टाळा, परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे.

शेवटच्या दिवशी खोली सकाळी दहाला सोडायची आणि परतीची गाडी, कोकणकन्या, कुडाळला संध्याकाळनंतर. मधल्या वेळाचं बोलणं पहिल्याच दिवशी करा. पुढचा पाहुणा नसेल तर बरीच घरं दोन-तीनशे रुपयांत खोली संध्याकाळपर्यंत देतात. पाहुणा असेल तर सॅक पडवीत ठेवायला आणि बाहेरच्या न्हाणीत आंघोळ करायला सहसा काही घेत नाहीत.