ग्रंथालयाचा सर्व्हर : यंत्र कोणते, प्रणाली कोणती?

आमच्या नांदेडच्या महाविद्यालयाने ग्रंथालयात 'कोहा' ही मुक्तस्रोत संगणकप्रणाली वापरावयाचे ठरविले, तेव्हा पहिला प्रश्न असा उभा राहिला की, ती चालवावयाची कोणत्या यंत्रावर आणि त्या यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टिम कोणती घालावयाची. 'कमवा व शिका' योजनेखाली मी ग्रंथालयात काम करतो. त्यामुळे या प्रश्नाचा अभ्यास करून टिपण तयार करण्याचे काम ग्रंथपाल सरांनी प्रयोगशाळा सहायकांबरोबर माझ्याकडेही सोपविले. मी कला शाखेचा विद्यार्थी, संगणकाचे रीतसर शिक्षण मला नाही. तथापि टिपण पुरे होत आले तसे माझे असे मत झाले की, या निवडीत संगणकशास्त्राचा भाग थोडा आहे. वीज, उन्हाळा आणि माणसे यांचा फार मोठा आहे. त्याच टिपणाच्या आधारे हा लेख लिहीत आहे.

प्रथम 'कोहा'विषयी थोडे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्ट या सार्वजनिक ग्रंथालयसंस्थेची जुनी संगणकप्रणाली इ. स. २००० चे साल ओळखू शकणार नव्हती. म्हणून १९९९ साली त्या संस्थेने एका स्थानिक कंपनीकडून नवी प्रणाली लिहवून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती चालू झाली, आणि पुढे संस्थेने ती सर्वांसाठी खुली केली. 'कोहा' हा माओरी भाषेतला शब्द. त्याचा अर्थ भेट, पण परतफेडीची अपेक्षा गृहीत धरलेली भेट. आपल्याकडच्या आहेरासारखेच म्हणा ना! प्रणाली फुकट मिळते, तिचा मूळ संहितालेख कोणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा. मात्र तिची निगा आपली आपणच राखावयाची. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची 'सोल' ही प्रणाली आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत आहे. ती विंडोजवर चालते. कोहा लिनक्सवर चालते. येथूनच निवडीला सुरुवात होते.

'सर्व्हर' हा शब्द ऐकला की वातानुकूलित खोलीतील कपाटाएवढे यंत्र डोळ्यांसमोर येते. आमच्याकडे आलेल्या दोन दरपत्रकांपैकी एक तसेच होते : मांडणीत बसणारा चपटा रॅक सर्व्हर, दोन प्रोसेसर, भरपूर मेमरी. परंतु आपले ओझे किती, हे आधी मोजावयास नको काय? ग्रंथालयात सुमारे ३०,००० पुस्तके आहेत. एका पुस्तकाची नोंद, म्हणजे शीर्षक, लेखक, वर्गांक, दाखल अंक वगैरे सारे मिळून, ८ किलोबाइट धरली तर एकूण २४० मेगाबाइट होतात. देवघेवीचा हिशेब व शोधासाठी लागणाऱ्या सूच्या धरून ते चौपट झाले, तरी एक गिगाबाइटच्या आसपासच! खिशातल्या मोबाइलमध्ये याच्या कितीतरी पट जागा असते. गर्दी म्हणाल तर सकाळच्या तासांनंतरचा एखादा तास. त्या वेळी खिडकीवर दोन संगणक आणि शोधासाठी चार-पाच विद्यार्थी. कोहा पर्ल या भाषेत लिहिलेली असल्यामुळे ती मेमरी बऱ्यापैकी खाते हे खरे, पण ८ गिगाबाइट पुरते आणि १६ म्हणजे चैन. सारांश, वेगाच्या दृष्टीने साधे, नवे, एका प्रोसेसरचे टॉवर यंत्र आम्हांस भरपूर झाले असते. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ सालीच सांगून ठेवले आहे. परंतु आमच्या खरेदीच्या वेगाने ती वाढ यंत्राला जड जाण्यास पुष्कळ वर्षे लागतील.

मग यंत्राची परीक्षा कशावर करावयाची? मे महिन्यावर. नांदेडचे तापमान त्या महिन्यात ४२-४३ अंशांवर सहज जाते. लातूर पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे, त्यामुळे तेथे झळ किंचित कमी. आपण गोदाकाठी, सखल भागात. सर्व्हरच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात एक ओळ असते : सतत चालविण्यासाठी खोलीचे तापमान बहुधा १० ते ३५ अंश असावे. दरपत्रक वाचताना ही ओळ कोणी पाहत नाही! सुटीत प्रयोगशाळा कुलूपबंद, वातानुकूलन बंद, आणि वरच्या मजल्यावरचा स्लॅब तापलेला. चपट्या यंत्रात हवा खेळण्यास जागा कमी, म्हणून त्याचे छोटे पंखे फार वेगाने फिरतात व त्यांचा आवाज वाचनकक्षात बसू देणार नाही असा असतो. टॉवर यंत्रात मोठा पंखा हळू फिरतो, धूळ झटकण्यासाठी झाकण दोन स्क्रू काढून उघडता येते, आणि सुटे भाग नांदेडच्याच बाजारात मिळतात. आम्ही टॉवर सुचविला, आणि तो तळमजल्यावर उत्तरेच्या भिंतीशी ठेवावा असेही लिहिले. माझ्या मते हे दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे.

यानंतर वीज. हा विषय मला संगणकापेक्षा अधिक कळतो, कारण मी शेतकऱ्याच्या घरचा. आमच्या शिवारात रात्री-अपरात्री लाईट येते, म्हणून मोटारीला ऑटो स्विच लावलेला असतो. वीज आली की थोडा वेळ थांबून मोटार आपोआप सुरू होते. संगणकाच्या बायोस नावाच्या मूळ मांडणीतही अशीच एक सोय असते : वीज गेल्यानंतर परत आली की यंत्राने आपणहून चालू व्हावे. सर्व्हर विकत घेताना ती सोय आहे की नाही हे विचारावे, आणि ती स्वतः चालू करावी. आता यूपीएसचा हिशेब पाहू. त्यात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या असल्या तर कागदावर १६८ वॅट-तास होतात. यंत्र आणि नेटवर्कचा स्विच मिळून ८० वॅट धरले तर दोन तास मिळावेत. प्रत्यक्षात बॅटरी पूर्ण रिती होत नाही व काही शक्ती रूपांतरातच जाते, म्हणून तासभर मिळाला तरी समाधान मानावे. बॅटरी जुनी झाली की तेवढाही नाही.

तासाभरात वीज आली नाही तर? यंत्र धाडकन बंद पडू देणे सर्वांत वाईट, कारण त्या क्षणी लिहिली जात असलेली नोंद अर्धवट राहू शकते. यावर 'नेटवर्क यूपीएस टूल्स' हे मुक्तस्रोत साधन आहे. ते यूपीएसशी तारेने बोलते आणि बॅटरी संपत आली की सर्व्हरला नीट, क्रमाने बंद करते. येथे एक मेख आहे. यंत्र बंद होत असतानाच नेमकी वीज आली, तर यंत्राच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही. मग ते 'परत आली' असे समजून चालू कसे होणार? ते तसेच मुके पडून राहते. म्हणून यंत्र बंद झाल्यावर यूपीएसने आपला पुरवठाही काही सेकंद तोडावा, अशी आज्ञा त्याला द्यावी लागते. सर्वच यूपीएसना ही आज्ञा समजत नाही. खरेदीच्या वेळी विचारण्याचा हा दुसरा प्रश्न.

आणखी एक बारीक गोष्ट. यंत्राच्या आत रुपयाएवढी एक गोल बॅटरी असते. तिच्यावर यंत्राचे घड्याळ चालते. ती संपली आणि वीजही गेली की यंत्राची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. इंटरनेट असले तर घड्याळ पुन्हा जुळते. नसले तर त्या दिवशी दिलेल्या पुस्तकांची परतीची तारीख आणि दंड यांचा हिशेब कोणत्या शतकातला निघेल ते सांगता येत नाही. ही बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी बदलावी. घड्याळजीकडे मिळते.

तबकड्यांविषयी थोडक्यात सांगतो. दोन सारख्या तबकड्या घेऊन दोन्हींवर एकच मजकूर लिहीत राहावयाचा, म्हणजे एक बिघडली तरी काम थांबत नाही. याला आरसा-पद्धती म्हणता येईल. परंतु ती म्हणजे राखीव प्रत नव्हे. कार्बन ठेवून पावती लिहिली आणि आकडाच चुकीचा लिहिला, तर दोन्ही कागदांवर चूकच उमटते. कोहाची डेबियनवरील मांडणी रोज रात्री स्वतःच एक प्रत काढते आणि मोजके दिवस ठेवते. पण ठेवते त्याच यंत्रात. ती दर आठवड्याला दुसऱ्या इमारतीत नेऊन ठेवणे, हे काम माणसाचे.

याच सुमारास लातूरच्या एका महाविद्यालयात कोहा पाहण्याची संधी मिळाली. त्यांनी स्वतःचे यंत्र घेतलेलेच नाही. दूरच्या शहरातील सर्व्हर भाड्याने घेतला आहे. त्यांना उन्हाळ्याची काळजी नाही, यूपीएसची नाही, आणि त्यांचे विद्यार्थी घरबसल्या, अगदी औसा-निलंग्याच्या गावांतूनही पुस्तक उपलब्ध आहे का ते पाहू शकतात. हा लाभ लहान नव्हे. मात्र रस्ता खोदताना जेसीबीने केबल तोडली की देवघेवीची खिडकी बंद पडते आणि मंडळी पुन्हा वहीकडे वळतात. शिवाय भाडे दरवर्षी भरावे लागते. एखाद्या वर्षी मंजुरीला उशीर झाला तर काय, याचे उत्तर तेथे कोणाकडे नव्हते. आमच्याकडे एकदाच्या खरेदीसाठी पैसे मिळणे सोपे आणि दरवर्षीच्या खर्चाला मिळणे कठीण, ही वस्तुस्थिती आहे. म्हणून आम्ही स्वतःच्या यंत्राच्या बाजूने मत दिले. ज्या महाविद्यालयाचे अंदाजपत्रक नियमित आहे, त्याने लातूरचा मार्ग धरला तर मी त्यास चूक म्हणणार नाही.

आता ऑपरेटिंग सिस्टिम. लिनक्स हा गाभा फिनलंडच्या लायनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहावयास घेतला. त्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी निरनिराळ्या प्रणाली बांधल्या. हे काम हौशी आहे, गंभीर वापराचे नाही, असा समज अद्याप ऐकू येतो. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या संकेतांवर तत्क्षणी प्रक्रिया करणारी एक यंत्रणा शास्त्रज्ञांनी बाजारात मिळणारे संगणक आणि लिनक्स यांवर उभी केली व २०१० साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया ज्या सर्व्हरांवर आहे, तेही लिनक्सवरच चालतात. तेव्हा पुस्तकांच्या देवघेवीला लिनक्स पुरेल की नाही, ही शंका सोडून द्यावी.

खरी निवड होती ती लिनक्सच्या कोणत्या प्रकाराची. सहायक सरांचा ओढा प्रथम 'सेंटओएस'कडे होता, कारण ती त्यांनी पूर्वी वापरलेली. तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे. सेंटओएस ८ ही आवृत्ती २०१९ साली आली, तेव्हा तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील अशी सर्वांची समजूत होती. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅट कंपनीने जाहीर केले की, हे काम ३१ डिसेंबर २०२१ रोजीच थांबेल. आठ वर्षे एका घोषणेत गेली. जुन्या सातव्या आवृत्तीचीही मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. संहितालेख खुला होता, फुकट होता. तरीही निर्णय एका कंपनीच्या हाती होता. उलट डेबियन ही प्रणाली १९९३ पासून स्वयंसेवकांचा समुदाय चालवितो. तिच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीची मुदत जून २०२८ पर्यंत आहे, आणि तेरावी ऑगस्ट २०२५ मध्ये आली. डेबियनवरच आधारलेली उबुंटू दिसावयास सोपी आहे व तिच्याही दीर्घमुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे मिळतात. पण तिच्यामागे पुन्हा एक कंपनी आहे. कोहाची मंडळी या दोन्हींसाठी तयार गठ्ठे पुरवितात. आम्ही डेबियन घेतली. पडदा काळा, अक्षरे पांढरी, चित्रे नाहीत. पहिल्या दिवशी माझी छाती दडपली होती हे खरे, पण नंतर ध्यानात आले की सर्व्हरकडे पाहावयाचेच नसते.

मराठी ग्रंथांमुळे एक निराळी अडचण आली. कोहामध्ये शोधाचे काम 'झेब्रा' नावाचा घटक करतो. त्याची मूळ रीत रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून आखलेली असल्यामुळे देवनागरी शीर्षके नीट सापडत नाहीत. ती बदलून 'आयसीयू' ही युनिकोड जाणणारी रीत लावली आणि सर्व नोंदींची सूची नव्याने बांधली, की 'दऱ्या' हा शब्दही सापडू लागतो. पण आमच्या पूर्वीच्या काही याद्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित आहेत. त्या संगणकाला मराठी वाटतच नाहीत. फाँट काढून घेतला की रोमन अक्षरांची खिचडी उरते. रूपांतर करणारी साधने मिळतात, परंतु जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीच लागतात.

शेवटी माणसे. आपल्या भागात असे फार वेळा घडते : एक हुशार मुलगा सारे बसवून देतो, पदवी घेऊन पुण्याला जातो, आणि त्याच्याबरोबर परवलीचा शब्दही जातो. म्हणून आम्ही सर्व्हरची एक वही केली आहे. कोणत्या दिवशी काय बदलले, कोणती आज्ञा दिली, बंद पडल्यास पहिल्याने काय पाहावे, हे तिच्यात मराठीत लिहिलेले असते. परवलीचे शब्द बंद पाकिटात प्राचार्यांच्या कपाटात. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची मुदत संपली, तेव्हा प्रयोगशाळेतले काही जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसेनात. त्यांतलाच एक आम्ही मागून घेतला व त्यावर डेबियन घातली. दर सत्रात एकदा, वही तेवढी हाती घेऊन, ज्याने हे काम पूर्वी केलेले नाही अशा विद्यार्थ्याने राखीव प्रतीवरून त्या जुन्या यंत्रावर संपूर्ण ग्रंथालय उभे करावयाचे, असा परिपाठ ठेवला आहे. पहिल्या वेळी पाऊण दिवस लागला आणि वहीत सात ठिकाणी दुरुस्त्या कराव्या लागल्या. दुसऱ्या वेळी प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने ते दुपारच्या तासांच्या आत केले. जुन्या फाँटमधील याद्यांपैकी सुमारे चार हजार नोंदी अजून तपासावयाच्या आहेत. ज्यांना शुद्धलेखनाची आवड आहे त्यांनी ग्रंथपाल सरांना भेटावे.