शहाण्याने कोर्टाची पायरी कशी चढावी?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे वचन आपल्याकडे इतक्या वेळा ऐकवले जाते, की फसलेला मनुष्य त्या पायरीपर्यंत जातच नाही. आमच्या कोगनोळीत त्याला आणखी एक कारण मिळते. बाजार नाक्यापलीकडे महाराष्ट्रात आणि शेत अलीकडे कर्नाटकात. मग दाद मागायची कुठे? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या चुलत्यांनी कागलच्या एका दुकानातून सोयाबीनचे बियाणे आणून दोन एकरांत पेरले. आठ-दहा दिवसांनी पाहतो तो तासांत तुरळक रोपे. "दुकान तिकडचं, आपण इकडचं. कोन इचारतंय आपल्याला?" असे म्हणून आण्णांनी हातउसने पैसे काढले व दुबार पेरणी केली. पुढे मी कायदा वाचला तेव्हा ध्यानात आले, की कायदा त्यांच्या बाजूने होता. कागद मात्र एकही नव्हता. पावती त्यांनी मागितलीच नव्हती आणि पिशव्या चुलीत गेल्या होत्या.

बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच होय, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात स्पष्ट केले. आणलेले बियाणे शेतकरी सगळेच पेरतो. तपासणीसाठी त्यातले काही त्याने राखून ठेवावे अशी अपेक्षा करता येत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार विक्रेत्याच्या ठिकाणी किंवा व्यवहार घडला तेथे करावी लागे. जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. म्हणजे कागलला फसलेल्या कोगनोळीकराला कोल्हापूर आणि बेळगाव असे दोन्ही जिल्हा आयोग खुले आहेत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मुदत दोन वर्षांची. (हातउसन्या पैशांना मात्र हा कायदा लागू नाही, त्यासाठी दिवाणी दावा करावा लागतो.)

आता तयारी. पहिली गोष्ट, पावती घ्यावी. तीवर वाण व लॉट नंबर लिहून घ्यावा. पिशवी व तिचे लेबल जपावे. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के असावी असे प्रमाण आहे. दुसरी गोष्ट, उगवण कमी दिसताच, शेत मोडण्यापूर्वी, रयत संपर्क केंद्रात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी व अधिकाऱ्यांकडून पाहणी करून पंचनामा मागावा. तिसरी, दुकानदार व कंपनी या दोघांनाही पोचपावतीसह टपालाने नोटीस पाठवावी. त्यानंतर तक्रार लिहावी : हकीकत तारीखवार, मागणी आकड्यांत, बियाण्याची किंमत, मशागत, मजुरी, बुडालेले उत्पन्न. प्रत्येक आकड्यामागे एक कागद असावा. जमिनीचा उतारा व प्रतिज्ञापत्र जोडावे.

येथे एक अडचण उभी राहते. आपल्या कृषी खात्याचा पंचनामा कन्नडमध्ये, दुकानाची पावती मराठीत. कोल्हापूरला जावे तर पहिल्याचे भाषांतर हवे, बेळगावला जावे तर दुसरीचे. कोल्हापूर जवळ व भाषा ओळखीची, बेळगाव आपला जिल्हा. निवड ज्याची त्याने करावी.

विद्यार्थी मित्रांनो, या आपल्या अंकाला मराठी व कन्नड असे दोन विभाग आहेत. दोन्ही लिपी वाचणारे आपल्यात पुष्कळ आहेत. गावातल्या एखाद्या शेतकऱ्याजवळ बसून त्याचे चार कागद लावून दिले, त्यांचा अर्थ दोन्ही भाषांत लिहून दिला, तर त्याचे निम्मे काम होईल. आण्णांच्या वेळी मला हे सुचले नाही. यंदा पेरणीनंतर त्यांनी रिकाम्या पिशव्या घडी करून माळ्यावर ठेवल्या आहेत. पावती माझ्याकडे दिली आहे.