'इट' की 'इटसेल्फ'?

अकरावीच्या प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासणे हे माझे दरवर्षीचे काम. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुले येथे प्रथमच आपली निरीक्षणे इंग्रजीत लिहू लागतात. अशाच एका वहीत टांगलेल्या चुंबकाच्या प्रयोगाखाली हे वाक्य होते : 'वी सस्पेंडेड द मॅग्नेट अँड इट टर्न्ड इट टू द नॉर्थ.' लाल पेन्सिल हातात धरून मी थांबलो. कोणी कोणाला फिरवले? लिहिणाऱ्याच्या मनात 'चुंबक आपला आपण उत्तरेकडे फिरला' असे असणार. पण इंग्रजी वाचणारा येथे दोन वेगळ्या वस्तू शोधू लागतो. एक फिरवणारी आणि दुसरी फिरणारी.

असे का व्हावे? 'राम हर्ट हिम' आणि 'राम हर्ट हिमसेल्फ' ही वाक्ये घ्या. पहिल्यात इजा दुसऱ्या कोणाला तरी झाली, दुसऱ्यात खुद्द रामालाच. हिम, हर, इट, देम ही साधी सर्वनामे. हिमसेल्फ, हरसेल्फ, इटसेल्फ, देमसेल्व्हज ही आत्मवाचक. आत्मवाचक सर्वनाम म्हणजे आरशातली प्रतिमा असे समजा. समोर वस्तू नसेल तर प्रतिमा कशाची पडणार? म्हणूनच 'मायसेल्फ अमुक तमुक' अशी आपली ओळख करून देणे चुकीचे. समोर 'आय' उभाच नाही, मग 'मायसेल्फ' आला कोठून? नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत मी नेमकी हीच सुरुवात केली होती. समोरच्या तिघांपैकी एकाने चष्मा काढून बराच वेळ पुसला. ती नोकरी मला मिळाली नाही. अर्थात त्याला इतरही कारणे असतील. 'आय अ‍ॅम' म्हणावे, म्हणजे झाले.

आता थोडा अवघड भाग. आरसा कोणत्या खोलीत टांगला आहे हेही पाहावे लागते. 'राम सेज दॅट गोपाळ हर्ट हिमसेल्फ.' या वाक्यात दोन खोल्या आहेत. बाहेरची खोली म्हणजे मुख्य वाक्य, तिचा कर्ता राम. 'दॅट'पासून आतली खोली सुरू होते. ते गौण वाक्य, आणि त्याचा कर्ता गोपाळ. आरसा आतल्या खोलीत आहे, तेव्हा त्यात गोपाळच दिसणार. इजा रामाला झाली असे सांगायचे असेल तर 'हिम'च हवे. मात्र हा 'हिम' कोणी तिसराही असू शकतो. साधे सर्वनाम खोलीतल्या कर्त्याला टाळते, एवढेच. बाहेर कोणाकडे बोट आहे ते आपण संदर्भावरून ओळखायचे. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात हे नियम जवळजवळ भूमितीच्या काटेकोरपणाने मांडले.

आपली गफलत होते ती येथेच. 'राम म्हणतो की गोपाळाने आपल्याला जखमी केले.' जखमी कोण झाला? राम. आणि 'राम म्हणतो की गोपाळाने स्वतःला जखमी केले' असे म्हटले तर? गोपाळ. म्हणजे मराठीत दोन शब्द आहेत. 'स्वतः' हा आपल्याच खोलीतल्या आरशात पाहतो, तर 'आपण' खिडकीतून बाहेरच्या खोलीत डोकावतो. इंग्रजीच्या 'सेल्फ'ला अशी खिडकी नाही. दोन्ही मराठी शब्दांसाठी 'सेल्फ' वापरला की घोटाळा झालाच! पण सगळीच सोय इंग्रजीकडे आहे असे मुळीच नाही. 'रामाने आपली वही उघडली' आणि 'रामाने त्याची वही उघडली' यांतला फरक आपल्याला सहज कळतो. इंग्रजीत दोन्हीकडे 'हिज'च.

शिवाय इंग्रजीला ही 'सेल्फ'ची सोय उशिराच लाभली. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत साधे सर्वनामच दोन्ही अर्थांनी चालत असे. 'सेल्फ' हा शब्द जोर देण्यासाठी जोडीत, तो पुढच्या काही शतकांत कायमचा चिकटला. आजही 'शी शट द डोअर बिहाइंड हर' या वाक्यात खोली एकच असून साधे 'हर' चालते. 'मागे', 'जवळ' असे केवळ स्थान दाखवणारे शब्द आले की नियम सैल होतो. असे अपवाद पाठ करण्यापेक्षा वाचता वाचता कानावर बसू द्यावेत.

आता आपल्या चुंबकाकडे वळू. 'टर्न', 'वॉश', 'ड्रेस' अशा क्रियापदांना कर्माची गरज पडतेच असे नाही. तेव्हा 'इट टर्न्ड टू द नॉर्थ' एवढे लिहिले असते तरी भागले असते. 'इट टर्न्ड इटसेल्फ' हेही व्याकरणाच्या दृष्टीने चालेल. बल कोणी लावले हे व्याकरण विचारीत नाही. भौतिकशास्त्र मात्र विचारते. चुंबक स्वतःला फिरवीत नाही. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्याच्या दोन ध्रुवांवर विरुद्ध दिशांनी बले लागतात आणि त्यामुळे तो फिरतो.

त्या मुलाला बोलावून मी विचारले, "यातला पहिला 'इट' कोण?"

"चुंबकच, सर."

"आणि दुसरा?"

"तोही चुंबकच." मग वाक्याकडे पुन्हा पाहत तो हळूच म्हणाला, "सर, पहिला 'इट' पृथ्वी धरला तर चालेल?"

"चालेल," मी म्हणालो, "पण मग तिचे नाव लिही."