चांगला माल मागे का राहतो? खेळांच्या बाजारातून एक धडा

व्यापारी व कारागीर बंधूंनो, पेठेत एक प्रश्न नेहमी निघतो. दोन माल सारखेच चांगले, भावही जवळपास एकच. मग एकाचे तागे आठवड्यात उठतात आणि दुसऱ्याचे कपाटात धूळ खात पडतात, असे का? नशीब म्हणून आपण विषय सोडून देतो. पण खेळांचा बाजार पाहिला तर याचे उत्तर स्वच्छ दिसते.

सोबत मिळाली पाहिजे

अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो, एक जण कथा चालवतो आणि अडेल तिथे फासे टाकतात. पहिल्या खेपेला फक्त १,००० प्रती काढल्या होत्या.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, केन सेंट आंद्रे यांनी ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ काढला. नियम सोपे, फासे साधे सहा बाजूंचे, म्हणजे कोणत्याही घरात सापडणारे. तरी बाजार पहिल्याच्या हातात राहिला. कारण असे खेळ बहुधा चार-पाच जणांनी मिळूनच खेळले जातात. गिऱ्हाईक आधी पाहतो की माझ्या गावात हा खेळ येणारे आणखी चार जण आहेत का. जिथे सोबत जास्त, तिथेच नवा माणूस जातो आणि सोबत आणखी वाढते.

आपल्याकडचा कॅरम पाहा. ९ पांढऱ्या, ९ काळ्या सोंगट्या आणि १ राणी. परभणीचा मुलगा मुंबईत गेला तरी कोणत्याही बोर्डावर बसू शकतो. त्याला नव्याने काही शिकावे लागत नाही.

शिकण्याची किंमत

मालाची किंमत एकदाच द्यावी लागते, पण शिकण्याची मेहनत वेगळी. गंजिफा हा पत्त्यांचा जुना खेळ मोगलांबरोबर हिंदुस्थानात रुजला. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मोगल गंजिफ्यात ८ रंग आणि ९६ पत्ते. रंगांची नावे ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि कुमाश. कुमाश म्हणजे आपला कपडा, बरात म्हणजे पैशाची चिठ्ठी. जणू पूर्ण बाजारच पत्त्यांत मांडलेला!

पण चार रंगांत दश्शी मोठी, तर उरलेल्या चार रंगांत एक्का मोठा. शिवाय प्रत्येक गोल पत्ता हाताने रंगवलेला. युरोपातले ५२ छापील पत्ते आले. ते स्वस्त होते, सर्वत्र सारखे होते आणि लवकर समजत होते. गंजिफा मागे पडला आणि त्याबरोबर पत्ते रंगवणाऱ्यांची रोजीही गेली. सावंतवाडीत शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात ही कला पुन्हा उभी केली. हुन्नर वाचला ही मोठी गोष्ट. पण आज ते पत्ते खेळण्यापेक्षा शोभेसाठी आणि भेट देण्यासाठीच जास्त घेतले जातात.

दुसऱ्यालाही कमावू द्या

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मालक कंपनीने २००० साली खुला परवाना दिला. खेळाचे मूळ नियम वापरून कोणीही नवी कथापुस्तके छापावीत आणि विकावीत. शेकडो छोटे प्रकाशक त्यावर पोट भरू लागले आणि प्रत्येक जण मूळ खेळाचा विक्रेता बनला. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने हा परवाना आवळायचे ठरवले, तेव्हा एवढी नाराजी उसळली की त्याच महिन्यात माघार घ्यावी लागली.

आपल्या धंद्यात हेच आहे. साडी एकटी विकत नाही. तिच्यामागे फॉल-पिकोवाला, परकरवाला, ब्लाउज शिवणारा उभा असतो. ज्या कपड्यावर शिंप्याची सुई सहज चालते, त्याची शिफारस शिंपी स्वतः करतो.

गावाची भाषा

जर्मनीत मात्र अमेरिकन खेळाचे चालले नाही. तिथे १९८४ साली ‘दास श्वार्त्से आउगे’ हा जर्मन भाषेतच लिहिलेला खेळ निघाला. खेळणी बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने तो दुकानादुकानांत पोहोचवला आणि तोच पुढे राहिला. म्हणजे मोठ्याच्या पुढे जायचे असेल, तर त्याची नक्कल करू नये. तो जिथे पोहोचला नाही तिथे, तिथल्या लोकांच्या भाषेत पोहोचावे.

माल भरण्यापूर्वी

सुरत, मालेगाव किंवा इचलकरंजीहून नवा माल उचलण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारा. हा माल वापरणारे गावात आधीच आहेत का? तो शिवायला, वापरायला, धुवायला नव्याने शिकावे लागेल का? त्यावर आणखी कोणाची रोजी चालेल? आणि त्याची माहिती जिंतूर-पाथरीच्या गिऱ्हाइकाला त्याच्या बोलीत सांगता येईल का?

चारही उत्तरे उलटी आली तर माल कितीही सुंदर असो, दोन ताग्यांच्या वर उचलू नका. आणि कारागीर बंधूंनी एवढे करावे की आपला हुन्नर आणखी चार जणांना शिकवावा. माल ओळखणारे हात वाढले, तरच मागणी वाढते.