ग्रॅनाइटची जन्मकथा

विद्यार्थिमित्रहो, पर्वत उभा राहिल्यावर त्याच्या पोटांत काय घडतें, हा प्रश्न तुमच्या मनांत कधीं आला आहे काय? स्कॉटलंडमधील एका प्राचीन पर्वतराजीच्या आधारें त्याचें उत्तर आम्ही येथें देणार आहों.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनींतील वेर्नर या विद्वानाचें मत असें होतें कीं, ग्रॅनाइट हा आदिसागराच्या पाण्यांतून सांका बसून झालेला खडक होय. एडिंबरोचे जेम्स हटन यांस हें पटेना. पृथ्वीच्या पोटांतील शिलारस गोठून हा दगड झाला, असा त्यांचा तर्क होता. परंतु तर्कास पुरावा हवा. इ. स. १७८५ मध्यें ते ग्लेन टिल्ट खोऱ्यांत गेले. तेथें नदीच्या पात्रांत काळसर खडकांत घुसलेल्या तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा त्यांस दिसल्या. जो दुसऱ्याच्या फटींत शिरतो तो मागाहून आलेला, आणि शिरतेवेळीं तो पातळच असला पाहिजे! हटन यांचा आनंद पाहून वाटाड्यांस वाटलें कीं, यांना सोन्यारुप्याची खाणच सांपडली.

हा रस आला कोठून? सुमारें ४३ कोटी वर्षांपूर्वीं आयापेटस नांवाचा महासागर मिटत गेला, दोहों बाजूंचे भूखंड एकमेकांस भिडले व कॅलेडोनियन पर्वत उभे राहिले. खालीं बुडालेला सागरतळ पुढें तुटून पडला व त्याच्या जागीं तप्त द्रव्य वर सरकलें, असें आजचे अनेक शास्त्रज्ञ मानतात. त्या आंचेनें जाड झालेल्या भूकवचाचा तळ वितळला. सभोंवतालच्या खडकांहून हलका असा तो रस भेगांतून वर चढला, पण पृष्ठभाग गांठण्यापूर्वींच खोल जागीं थांबला.

पाक सावकाश निवला म्हणजे खडीसाखरेचे खडे मोठे होतात. तसाच हा रस खडकांच्या पांघरुणाखालीं हळूहळू निवला. म्हणून त्यांतील गारगोटी, फेल्स्पार व अभ्रक यांचे कण नुसत्या डोळ्यांनीं ओळखूं येतात. उलट, आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं भूपृष्ठावर वाहून लवकर निवला. म्हणून त्याचा पोत बारीक.

स्कॉटलंडमधील केर्नगॉर्मचा ग्रॅनाइट सुमारें ४२ कोटी वर्षांचा आहे. अशा दगडांतील झिर्कॉनच्या सूक्ष्म स्फटिकांत युरेनियमचें शिसें होत असतें. दोहोंचें प्रमाण मोजून हें वय काढतात. वारा, पाऊस व नद्या यांनीं वरचा पर्वत झिजविला, मागाहून हिमनद्यांनीं खोरीं कोरलीं. आणि जें एके काळीं पोटांत दडलेलें होतें, तेंच आज १३०९ मीटर उंचीचें बेन मॅकडुई शिखर होऊन उभें आहे.

मित्रहो, हटन यांनीं थोरामोठ्यांचें मत केवळ मत म्हणून स्वीकारलें नाहीं, आणि स्वतःचा तर्कही पारखल्यावांचून खरा मानला नाहीं. ते दगडापाशीं गेले व त्यासच त्यांनीं साक्षीस बोलाविलें. पुढच्या सहलींत वाटेवरचा एखादा दगड उचला, फोडा व त्याचे कण नीट न्याहाळा. तोही आपली कथा सांगेल.