उठाव हवा, तर शेजार दाबा

चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये डाय फिटर म्हणून मी पत्र्याशी झटलो. आता देहूरोडला सुट्टीत घरी येणाऱ्या मुलांना फॉइलवर उठावाचं काम शिकवतो. तिथे टनांचा दाब होता, इथे रिकामं बॉलपेन आहे. पत्र्याचा स्वभाव मात्र तोच. नवशिक्यांसाठी हे अनुभवाचे बोल.

१. आधी जाडी पाहा.
पोळ्या गुंडाळायची फॉइल मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास जाड असते. टोकाने दाबली की फाटते. ती लहान मुलांना द्यावी, पण वेगळ्या रीतीने: पुठ्ठ्यावर सुतळीची नक्षी फेव्हिकॉलने चिकटवायची, वरून फॉइल पसरायची आणि कापसाच्या बोळ्याने दाबायची. हाताने उठाव काढायचा तर साधारण ०.१ मिलिमीटरचा मऊ ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा पत्रा घ्या. तो कात्रीने कापता येतो. कापलेल्या कडेने बोट चिरतं, म्हणून कडा दुमडून, लाटणं फिरवून मगच कामाला बसा.

२. बैठक बदलत राहा.
रेघ ओढताना खाली वर्तमानपत्राची दोन-चार पानं पुरतात. आकार फुगवताना जाड घडी किंवा जुना माउसपॅड हवा. सपाट करताना काच किंवा फरशी. कडक बैठकीवर फुगवायला गेलात, तर पत्र्याला जायला जागाच नसते.

३. फुगवणं हे निम्मंच काम.
पुढून रेघ ओढा. पत्रा पालथा करून आतला भाग आइस्क्रीमच्या काडीने हलक्या हाताने घोटा. मग सुलटा करून, काचेवर ठेवून, रेघेबाहेरची जमीन दाबा. ही तिसरी पायरी गाळली जाते. आकार उठून दिसत नाही म्हणून मुलं तो आणखी फुगवत बसतात आणि पत्रा फाटतो. शेजारची जमीन सपाट झाली की थोडका फुगवटाही ठळक दिसतो. उलटसुलट फेऱ्या करत आकार वाढवा. अक्षरं मागून काढणार असाल तर ट्रेसिंग पेपर उलटा ठेवा, नाहीतर ‘श्री’ उलटी येईल.

४. धातूला घाई चालत नाही.
ताणला की पत्रा पातळ होतो, आणि धारदार कोपऱ्यावर आधी फाटतो. डायच्या कोपऱ्यांना गोलाई देतात ती याचसाठी. म्हणून सुई नको, गोल टोक हवं. सारखं दाबल्याने धातू कडकही होतो. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर याचाच उपयोग करतात: मठारकामाच्या ठोक्यांनी भांड्यावर नक्षी उमटते आणि भांडं मजबूत होतं. कडक झालेलं तांबं तापवून मऊ करता येतं. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा मात्र ज्योतीवर धरू नका. तो ६६० अंश सेल्सियसला वितळतो, आणि त्याआधी लाल होऊन इशाराही देत नाही.

५. पाठ भरा.
देव्हाऱ्यातले टाक पाहा. चांदीच्या पातळ पत्र्यावर देव उठवलेला असतो, आणि मागून आधार दिलेला असतो. आपल्या कामाच्या पोकळ पाठीतही प्लास्टर किंवा एम-सील भरावं. नाहीतर कुणाचं बोट लागलं की उठाव बसलाच.

६. रंग लावा आणि पुसा.
काळं बूटपॉलिश चोळून लगेच पुसलं की ते खोलगट भागात उरतं, उंच भाग चमकतो. तांब्यासाठी आणखी एक उपाय: उकडलेलं अंडं कुस्करून, त्याला न टेकवता पत्रा बंद डब्यात ठेवा. अंड्यातून सुटणाऱ्या गंधकाच्या वायूने तांबं काळवंडतं. ॲल्युमिनियमवर हा उपाय चालत नाही.

७. पहिला नमुना पिंपळपानाचा.
देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या धम्मभूमीमुळे इथल्या मुलांना हे पान ओळखीचं. पण मी ते निवडतो कारण त्यात पातळ्या दोनच: पान आणि जमीन. चेहऱ्यात नाक, ओठ, गाल, पापण्या एकमेकांना खेटून असतात. एक दाबावं तर दुसरं हलतं. बहुतेकांना पहिल्याच दिवशी गणपती करायचा असतो. थोडं थांबा. पानाच्या शिरांशेजारची जमीन नीट दाबता येऊ लागली, की गणपतीला हात घाला.