केमोनंतरचा रुमाल आणि परक्या परंपरेची धास्ती

प्रश्न : केमोथेरपीने केस गेले. मी अमेरिकेत राहते. डोक्याला रुमाल बांधला तर कृष्णवर्णीय किंवा मुस्लिम स्त्रियांची परंपरा उचलली, असं होईल का?

उत्तर : नाही. डोकं झाकणं ही कुणा एका समाजाची मिरास कधीच नव्हती. रशियन शेतकरीण, राणी एलिझाबेथ आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळून भर उन्हात निघालेली पुण्यातली स्कूटरवाली, सगळ्यांनी ते केलं. तुमची तर गरजच आहे. केमोनंतर टाळू हुळहुळते, ऊन-थंडी लगेच बाधते. मऊ सुती कापड तिला सोसतं, विग पुष्कळदा टोचतो. मात्र आक्षेपामागचा इतिहास खोटा नाही. १७८६ मध्ये लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर मिरो याने स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांवर केस झाकण्याची सक्ती केली आणि त्यांनी त्याच कापडाचा दिमाखदार साज केला. म्हणून पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा स्त्रियांचा ‘गेले’ हा समारंभी फेटा फॅशन म्हणून मिरवण्याआधी जरूर विचार करावा. मानेमागे मारलेल्या साध्या गाठीला तो नियम लावणं अतिरेक आहे. बघणाऱ्याला कारण कळणार नाही, हे खरं. पण आजाराचा दाखला रस्त्यात दाखवायला तुम्ही कुणाला बांधील नाही.